इंजेक्टर क्लीनरची बाटली: जुन्या गाडीला कितपत कामाची?

मंगळवारी किंवा शनिवारी जामसांवलीच्या हनुमान मंदिराबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचत गेलात, तर भाविक कुठून कुठून आले आहेत ते कळते. एमपी-28 छिंदवाड्याची, एमपी-48 बैतूलची, एमएच-31 आणि एमएच-40 नागपूरकडची, एमएच-27 अमरावतीची. जामसांवली ज्यात येते तो पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला, तरी इथल्या जुन्या गाड्यांवर एमपी-28 हाच नंबर आहे. गाड्या सगळ्या वयाच्या असतात. पंधरा वर्षे उलटलेली मारुती 800, ओम्नी, पहिल्या पिढीचा टाटा एस, संत्री वाहून झिजलेले बोलेरो पिकअप आणि असंख्य स्प्लेंडर.

यांच्या मालकांचा मिस्त्रीला एक प्रश्न हमखास असतो. गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही, घाटात उचलत नाही, उभी असताना थरथरते; मग ती इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकून पाहू का, भाऊ? बाटली तीनशे ते सहाशे रुपयांना मिळते, टाकीत ओतायला दोन मिनिटे लागतात आणि इंजिन उघडावे लागत नाही. मोह होणारच.

माझे मत आधीच सांगून टाकतो. इंजेक्टर असलेल्या जुन्या पेट्रोल गाडीत योग्य रसायनाची एक बाटली टाकून पाहायला हरकत नाही. जुन्या डिझेल गाडीत तेच पैसे फिल्टरवर खर्च केलेले बरे. आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्टरच नसतो, तेव्हा तिथे प्रश्नच मिटतो. ही तिसरी गोष्ट उगाच सांगत नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये बीएस-6 लागू होण्याआधीच्या बहुतेक साध्या मोटारसायकली आणि स्कूटर कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या आहेत, आणि 2000 च्या आधीच्या बऱ्याच मारुतीसुद्धा. त्या गाड्यांना जेट साफ करणे, फ्लोट पाहणे, चोक नीट बसतो का ते तपासणे हाच उपाय आहे. त्यामुळे बाटली घेण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते मिस्त्रीला विचारा.

आता इंजेक्टर करतो काय ते पाहू. एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या, पेट्रोल गाडीत टाकीतला विजेचा पंप साधारण तीन बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. ते फिल्टरमधून एका नळीत येते, तिला रेल म्हणतात. रेलवर प्रत्येक सिलिंडरसाठी एक इंजेक्टर बसवलेला असतो. त्यात तारेचे वेटोळे, छोटी सुई आणि टोकाला अतिशय बारीक छिद्रे. ईसीएम म्हणजे गाडीचा संगणक वेटोळ्यात वीज सोडतो, सुई उचलली जाते, पेट्रोल फवाऱ्याने बाहेर पडते, वीज थांबली की सुई परत बसते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना हे उघडणे दोन-तीन मिलिसेकंदांचे असते. चार सिलिंडरच्या इंजिनचे फेरे मिनिटाला आठशे धरले, तर एक इंजेक्टर मिनिटाला चारशे वेळा उघडतो आणि बंद होतो.

महत्त्व किती पेट्रोल पडले एवढ्यालाच नाही, ते कसे पडले यालाही आहे. संत्र्याच्या बागेत फवारणी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: पंपाचे नोझल अर्धे तुंबले की धुक्यासारखा फवारा जाऊन धार पडू लागते, औषध तेवढेच जाते पण पानावर बसत नाही. इंजिनातही धारेने पडलेले पेट्रोल हवेत नीट मिसळत नाही आणि पुरते जळत नाही. ते प्लग काळा करते आणि उरलेले धुराड्यातून बाहेर जाते.

छिद्रे तुंबतात कशाने? लोक म्हणतात, पेट्रोलमध्ये कचरा आला. मोठा कचरा बहुतेक टाकीतल्या जाळीत आणि फिल्टरमध्येच अडतो. इंजेक्टरच्या टोकावर बसतो तो चिकट, लाखेसारखा थर, आणि तो गाडी चालताना कमी, बंद केल्यावर जास्त बनतो. चालत्या इंजिनात नवे पेट्रोल येऊन टोकाला थंड ठेवते. इंजिन बंद केले की पाण्याचा पंप थांबतो, पंखाही बहुधा थांबतो, आणि सिलिंडर हेडची धग वर चढते. टोकाला राहिलेल्या पेट्रोलच्या थेंबातला हलका भाग उडून जातो आणि जड, अस्थिर भाग तिथेच शिजतो. असे हजार वेळा झाले की छिद्राची कड बुजू लागते. छिंदवाड्याकडून सिलेवानी घाट उतरून गाडी सौंसरला भर उन्हात उभी केली, दहा मिनिटांनी पुन्हा चालवली, पुन्हा उभी केली, तर हा प्रकार दिवसातून कितीदा होतो याचा हिशेब करा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, ते वेगळेच. घरून बाजार आणि बाजारातून घर एवढेच फिरणारी गाडी आणखी वाईट, कारण तिचे इंजिन पुरते तापतही नाही आणि धगीत मात्र उभे राहते.

हा त्रास काही आपल्याच गाड्यांचा नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकात कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आले तेव्हा नव्या गाड्यांचेही इंजेक्टर तुंबू लागले, आणि तेल कंपन्यांना पेट्रोलमध्येच स्वच्छक मिसळावे लागले. 1995 पासून तिथे ते कायद्याने सक्तीचे आहे. 2004 मध्ये काही गाडी उत्पादकांनी एकत्र येऊन त्याहून कडक असे 'टॉप टिअर' मानक ठरवले. 2016 मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने केलेल्या चाचणीत त्या मानकाबाहेरच्या पेट्रोलवर चाललेल्या इंजिनात सरासरी एकोणीस पट जास्त थर बसलेला आढळला. म्हणजे हे रसायन थोतांड नाही, त्याचा परिणाम मोजता येतो. आपल्याकडे स्पीड, पॉवर, एक्सपी95 या नावांनी मिळणाऱ्या महागड्या पेट्रोलमध्येही असे मिश्रक असते.

बाटलीतले कामाचे रसायन म्हणजे पॉलिईथरअमाइन, गाडीवाल्यांच्या बोलीत पीईए. याच्या रेणूचे एक टोक थराला चिकटते आणि दुसरे पेट्रोलमध्ये सहज विरघळते. थराचे कण असे एकेक करून सुटतात आणि वाहून जाऊन जळतात. पीईए जास्त तापमानातही टिकते, म्हणून ते इंजेक्टरच्या टोकावर, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर आणि काही प्रमाणात ज्वलनकक्षातही काम करते. दुसरे रसायन पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन. ते स्वस्त आहे, स्वच्छ इंजिन स्वच्छ ठेवायला बरे, पण जुना थर काढण्यात मागे पडते आणि ज्वलनकक्षात स्वतःचाच थोडा थर ठेवते. आणि काही बाटल्यांत रॉकेलच्या जातीचे द्रावक भरपूर आणि खरे स्वच्छक नावापुरते असते. बाटलीवर मोठ्या अक्षरात काय लिहिले आहे त्याकडे पाहू नका. रसायनाचे नाव लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर ठेवून द्या.

जुन्या गाडीबाबत खरा पेच पुढे आहे. बाटली फक्त तिथेच पोचते जिथून पेट्रोल जाते. थकलेला पंप, फाटलेली व्हॅक्यूमची नळी, झिजलेले प्लग, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर, पिस्टनच्या सैल रिंगा यांना ती काही करू शकत नाही. आणि गाडी जितकी जुनी, तितका यांपैकीच काहीतरी बिघडल्याचा संभव जास्त. लक्षणे मात्र सगळ्यांची सारखीच: मिसिंग, पिकअप नाही, अ‍ॅव्हरेज नाही. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन थंड आहे असे समजून ईसीएम पेट्रोल वाढवतच राहतो, आणि मालक बाटलीवर बाटली ओततो.

यात आणखी एक गुंता आहे. ईसीएम ऑक्सिजन सेन्सरकडून धुराचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी-जास्त करतो, पण बहुतेक साध्या गाड्यांत चारही सिलिंडरच्या धुरासाठी असा एकच सेन्सर असतो. समजा तिसरा इंजेक्टर दहा टक्के तुंबला. सेन्सरला एकत्र धुरात हवा जास्त दिसते आणि ईसीएम चारही इंजेक्टर जास्त वेळ उघडतो. तिसऱ्याला अजूनही कमी पडते, बाकी तिघांना उगाच जास्त मिळते. एका सिलिंडरमध्ये मिसिंग, तिघांत पेट्रोलची नासाडी. म्हणून एकच इंजेक्टर तुंबणे हे चारही थोडेथोडे तुंबण्यापेक्षा वाईट. चारही सारखे तुंबले असतील तर ईसीएम बराच काळ ते निभावून नेतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

तेव्हा बाटलीआधी तपासणी, आणि ती महाग नाही. प्लग काढून चारही शेजारी ठेवा. तिघांचा रंग विटकरी आणि एकाचा पांढरट असेल, तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळते आहे. इंजिन चालू ठेवून मिस्त्री एकेका इंजेक्टरचे कनेक्टर काढतो. ज्याचे काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की टिकटिक ऐकू येते. ती नसेल तर दोष विजेचा किंवा वेटोळ्याचा. बहुतेक एमपीएफआय इंजेक्टरच्या वेटोळ्याचा रोध बारा ते सोळा ओहम असतो, तो साध्या मल्टीमीटरने मोजता येतो. मग रेलवर गेज लावून पेट्रोलचा दाब पाहा. तीनऐवजी दोनच बार भरला, तर पंपाची जाळी किंवा फिल्टर बदलायचा आहे आणि इंजेक्टर बिचारे निर्दोष आहेत. चारचाकींना ओबीडी-2 ही गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची व्यवस्था 2013 च्या एप्रिलपासून सक्तीची आहे. त्यानंतरच्या गाडीला स्कॅनर लावून 'फ्युएल ट्रिम' पाहिले की ईसीएम पेट्रोल किती वाढवतो आहे तेही दिसते. कायम दहा टक्क्यांवर वाढ दिसली तर काहीतरी बिघडले आहे, पण काय, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

आणि इथे इथेनॉलचा विषय काढावाच लागतो. गेल्या काही वर्षांत ज्यांच्या जुन्या गाडीचे अ‍ॅव्हरेज घसरले, त्यांतल्या अनेकांनी दोष इंजेक्टरला दिला. पण याच काळात पंपावरचे पेट्रोल बदलले. 2022 मध्ये देशात दहा टक्के इथेनॉलचे मिश्रण गाठले गेले, 2023 च्या फेब्रुवारीत ई20 विक्रीला आले आणि 2025 पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचले. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटले होते की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांवर जुळवलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज ई20 वर सहा-सात टक्क्यांनी आणि तशाच दुचाकीचे तीन-चार टक्क्यांनी कमी होईल. म्हणजे लिटरला अठरा किलोमीटर देणारी जुनी ओम्नी सतरावर आली, तर ती आजारी नाही. कोणतीही बाटली तो एक किलोमीटर परत देणार नाही. इथेनॉल पाणीही ओढून घेते. महिनाभर अर्ध्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याचा त्रास जास्त. अशी गाडी अधूनमधून चालवा आणि उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा. जुन्या रबरी नळ्या मऊ पडल्या आहेत का, तेही पाहून घ्या. गळती असेल तर ती आधी.

तपासणीत इंजेक्टरच दोषी वाटला आणि गाडी तरीही चालते आहे, तर बाटली टाका. बाटली आधी टाकीत ओतायची आणि मग पेट्रोल भरायचे, म्हणजे ते नीट मिसळते. अडीचशे-तीनशे मिलिलिटरची बाटली साधारण चाळीस-पन्नास लिटरला असते. ओम्नीच्या टाकीत किंवा बीएस-6 स्प्लेंडरच्या दहा लिटरात अख्खी बाटली ओतण्याचे कारण नाही. जास्त पीईए म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. न जळलेला भाग रिंगांच्या फटीतून इंजिन ऑइलमध्ये उतरतो आणि ऑइल खराब करतो. म्हणूनच बाटली ऑइल बदलण्याच्या आधीच्या टाकीत टाकावी. आणि ती टाकी गावातल्या गावात संपवू नका. रसायनाला तापलेले इंजिन आणि सलग वाहणारे पेट्रोल लागते. जामसांवलीहून नागपूरपर्यंतचे सत्तरेक किलोमीटर न थांबता चालवले की ते मिळते. फरक पडला का, हे मनाला विचारू नका. टाकी काठोकाठ भरून, मीटर लिहून, पुन्हा काठोकाठ भरून मोजा. एका-दोन टाक्यांत फरक दिसला नाही, तर तिसरी बाटली घेऊ नका.

त्यापुढचा उपाय म्हणजे इंजेक्टर काढून बेंचवर घालणे. सावनेर-नागपूरकडे अशी सोय असलेली गॅरेज मिळतात. आधी अल्ट्रासॉनिक टबमध्ये कंपनांनी थर सुटतो, मग इंजेक्टर यंत्रावर लावून काचेच्या नळ्यांत फवारा सोडतात. चार नळ्यांत किती मिलिलिटर भरले आणि फवारा शंकूसारखा आहे की धारेचा, हे आपल्या डोळ्यांनी दिसते. बाटलीत हे शक्य नाही, कारण तिथे आधीचे मापही नसते आणि नंतरचेही. यातला मधला मार्ग म्हणजे गाडीचा पंप बंद करून रेलला स्वच्छकाचा कॅनिस्टर जोडणे आणि इंजिन त्यावरच चालवणे. बाटलीपेक्षा ते जोरदार खरे, पण मोजमाप तिथेही नाही. इंजेक्टर काढले तर रबरी ओ-रिंगा आणि वरची बारीक जाळी नवी घालायचीच. जुनी ओ-रिंग परत बसवून गरम इंजिनवर पेट्रोल पाझरले, तर आग लागू शकते. तिथे पन्नास रुपये वाचवू नका. एक गोष्ट आणखी: थेट इंजेक्शनच्या नव्या पेट्रोल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये जाते, इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही. तिथे बाटली व्हॉल्व्ह साफ करते असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे.

आता डिझेल. पहिल्या पिढीचा टाटा एस 2005 मध्ये आला, दोन सिलिंडरचा, 702 सीसीचा, यांत्रिक पंपाचा. जुनी सुमो आणि जुनी बोलेरोही यांत्रिक पंप-नोझलवरच. अशा नोझलमध्ये ना वीज ना ईसीएम; डिझेलचा दाब स्प्रिंगला हरवून सुई उचलतो. थेट इंजेक्शनच्या जुन्या इंजिनात हा दाब दोनशे बारच्या आसपास असतो. इथले नेहमीचे दुखणे म्हणजे सुईची बैठक झिजणे. ती झिजली की नोझल ठिबकते, काळा धूर येतो, इंजिन टणटण वाजते. झिजलेले लोखंड रसायनाने भरून येत नाही. पंप-नोझलच्या दुकानात हाताच्या दांड्याच्या टेस्टरवर नोझल लावले की दाब किती, फवारा कसा आणि थेंब लोंबतो का, हे पाच मिनिटांत कळते. दाब कमी असेल तर आत पातळ वॉशर घालून तो वाढवतात, नाहीतर नोझल बदलतात. टेस्टरच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका. त्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत जाते आणि बोट गमावण्याची वेळ येते.

कॉमन रेलच्या जुन्या डिझेल गाड्यांत, म्हणजे 2007 नंतरच्या स्विफ्ट वगैरे, दाब सोळाशे बारपर्यंत जातो आणि आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. तिथे चांगली डिझेलची बाटली आतला चिकटा थोडा कमी करू शकते, सकाळचे सुरू होणे जरा सुधारू शकते. पण त्या इंजेक्टरचा खरा शत्रू पाणी. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढणे आणि फिल्टर वेळेवर बदलणे, हे दहा बाटल्यांपेक्षा मोलाचे. शंका आली तर चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या बाटल्यांत सोडून कोणता जास्त डिझेल परत पाठवतो ते पाहतात. ज्याच्या बाटलीत भराभर साठते, तो आतून झिजला आहे.

घरगुती नुस्ख्यांबद्दल एवढेच: टाकीत डांबरगोळ्या, थिनर, रॉकेल टाकू नका. रॉकेल पेट्रोलची ऑक्टेन पाडते आणि इंजिन ठोकू लागते, थिनर रबर खातो, डांबरगोळ्या काहीच साफ करत नाहीत. पंपावरच्या पेट्रोलबद्दल शंका असेल तर फिल्टर पेपरवर थेंब टाकून दाखवा असे सांगा. ग्राहकाने मागितले तर ती चाचणी करून दाखवणे पंपावर बंधनकारक आहे.

शेवटी एक विनंती. सर्व्हिसच्या बिलात 'इंजेक्टर क्लीनिंग' अशी ओळ दिसली, तर पैसे देण्याआधी विचारा: टाकीत बाटली ओतली, रेलला कॅनिस्टर लावला, की इंजेक्टर काढून बेंचवर घातले? तिन्हींचे दर वेगळे असतात. आणि तिसरे केले असेल, तर चार नळ्यांची आधीची आणि नंतरची मापे बिलावर लिहून मागा.